मुलाण्याचे बलुते आणि निर्मिकाचे कुटुंब

मुळशी तालुक्याच्या डोंगरात उगम पावणारी मुठा नदी टेमघरच्या धरणातून सुटून मुठा गावाजवळून पूर्वेकडे वाहत येते, वाटेत आंबी आणि मोसे या दोन नद्यांचे पाणी घेते आणि खडकवासल्याचा जलाशय ओलांडून पुणे शहरात संगमावर मुळेला मिळते. शिवकाळात या पट्ट्याला मुठे खोरे म्हणत. बारा मावळांपैकी ते एक होते आणि त्याची देशमुखी, म्हणजे परगण्याची वंशपरंपरागत वसुली व कारभार, मारणे घराण्याकडे होती. नदीची ही वाट तशी थोडक्यात संपणारी असली, तरी जगातील मोठे धर्म एकमेकांना कशा प्रकारे पूरक ठरतात, या प्रश्नाची जवळजवळ सगळी ऐतिहासिक रूपे या खोऱ्यात, त्याच्या शेजारच्या मावळात आणि त्याच्या तोंडाशी वसलेल्या पुण्यात पाहावयास मिळतात. येथे पूरकता हा शब्द एका विशिष्ट अर्थाने घेतला आहे. सर्व धर्मांचे सार एकच, असे म्हणणे वेगळे. आणि एका धर्माने जे काम हाती घेतले नाही किंवा ज्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही, ते काम वा उत्तर दुसऱ्या धर्माकडून येणे आणि पहिल्याने ते मनापासून स्वीकारणे, हे वेगळे. मराठी मुलखाच्या इतिहासात दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा पुष्कळ जुनी आहे, आणि तीच अधिक फलदायी ठरली.

या दुसऱ्या गोष्टीचा सर्वांत जुना पुरावा मुळशीला लागूनच असलेल्या मावळ तालुक्यात, कार्ल्याच्या लेण्यात आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या या चैत्यगृहातील, म्हणजे बौद्ध उपासनेच्या दालनातील, अनेक खांबांवर दात्यांचे लेख आहेत आणि त्यांत धेनुकाकट या गावच्या यवनांची, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेल्या परदेशी लोकांची, नावे आहेत. परक्या देशातून आलेल्या व्यापाऱ्यांनी आपल्या मिळकतीतून बौद्ध भिक्षूंसाठी खांब द्यावेत आणि भिक्षूंनी दात्याचे मूळ न लपविता ते दगडावर कोरू द्यावे, यात एका बाजूला धन व दुसऱ्या बाजूला पुण्य अशी देवघेव होती. बौद्ध संघ तेथून नाहीसा झाल्यानंतर त्याच चैत्यगृहाच्या तोंडाशी एकवीरा देवीचे स्थान उभे राहिले आणि कोकणातील आगरी-कोळी समाज आजही नवस फेडण्यासाठी तेथे येतो. लेणे ओसाड पडले नाही, याचे बरेचसे श्रेय या यात्रेकरूंना द्यावे लागेल.

मध्ययुगीन गावगाड्यात ही देवघेव पुण्याच्या आशेवर न राहता हक्क आणि कर्तव्य यांच्या चौकटीत बसविली गेली, आणि त्या चौकटीतील सर्वांत बोलकी व्यक्ती म्हणजे गावचा मुलाणा, ज्याला बोलीत मुलाणी म्हणतात. गावाला लागणाऱ्या सेवा वंशपरंपरेने पुरविणाऱ्या कारागिरांना व सेवकांना बलुतेदार म्हणत आणि सुगीच्या वेळी खळ्यावर त्यांना मिळणाऱ्या धान्याच्या वाट्याला बलुते म्हणत. ग्रँट डफ याने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात बारा बलुतेदारांची जी यादी दिली आहे, तीत सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी यांच्या बरोबरीने मुलाणाही आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा' या ग्रंथातही तो भेटतो. मशिदीची आणि पिराच्या स्थानाची झाडलोट व दिवाबत्ती करणे, मुसलमान घरांचे निका लावणे ही त्याची स्वधर्मीयांसाठीची कामे होती. परंतु ज्या गावात मुसलमानांची घरे बोटांवर मोजण्याइतकीच असत, तेथे तेवढ्यासाठी कोणी त्याला बलुते दिले नसते. त्याचा गावाशी असलेला खरा संबंध बकऱ्याच्या मानेशी होता.

म्हसोबाला, काळूबाईला किंवा वेशीवरच्या वाघजाईला नवसाचे बकरे पडे तेव्हा, आणि मराठा व कुणबी घरांत एरवीही मटण शिजायचे असे तेव्हा, बकरे मुलाण्याने कापावे असा रिवाज होता. तो अल्लाचे नाव घेऊन सुरी चालवी, रक्त पूर्ण वाहून जाऊ देई, आणि मगच ते मांस घरात येण्याजोगे झाले असे मानले जाई. मुलाण्याने न कापलेले बकरे खाण्यास मराठे सहसा तयार नसत, याची नोंद ग्रँट डफने केली आहे. नैवेद्य देवीचा, नवस कुणब्याचा आणि जीव घेतानाचा मंत्र कुराणाच्या भाषेतला, अशी ही रचना बाहेरच्याला विसंगत वाटली, तरी आतून तिला एक तर्क होता. जोशी आणि भट पशुहत्येपासून दूर राहत, गुरवाचे काम शिवालयातील पूजेपुरते असे, आणि स्वतःच्या हाताने जीव घेण्याचे ओझे शेतकऱ्याला नको असे. जीव घेणे आणि अन्न सेवन करणे या दोहोंच्या मध्ये एखादा विधी असावा, ही माणसाची फार जुनी गरज आहे. गावाच्या स्वतःच्या पुरोहितवर्गाने ती मोकळी सोडली होती आणि इस्लामजवळ तो विधी तयार होता. त्यामुळे मुलाण्याला गावात जी जागा मिळाली, ती उदारपणाने दिलेली नव्हती. त्याच्यावाचून जत्रा पुरी होत नव्हती. मावळासारख्या विरळ वस्तीच्या मुलखात एकच मुलाणा आसपासच्या अनेक वाड्यांचे काम पाही, आणि त्याच्या येण्याच्या वेळेवर जत्रेच्या पंगतीची वेळ ठरे.

याच गावगाड्यात मोहरमचे ताबूत, म्हणजे करबलाच्या शहिदांच्या कबरींच्या बांबू-कागदाच्या प्रतिकृती, आणि पंजांच्या सवाऱ्या निघत आणि त्यांत नवस बोललेले हिंदू स्त्री-पुरुष सामील होत. ही सहभागिता खरी होती; परंतु तिचे गोडवे गाताना एक गोष्ट दृष्टिआड होऊ देणे इतिहासाशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. बलुत्याच्या चौकटीत प्रत्येकाचे काम ठरलेले होते, तशीच प्रत्येकाची पायरीही ठरलेली होती. मुलाण्याचा मंत्र चालत असे, पण त्याच गावातील महाराला, जो हिंदूच म्हणवला जात होता, चावडीच्या पायरीखाली उभे राहावे लागे. धर्म एकमेकांना पूरक होते आणि माणसे असमान होती, अशी ही स्थिती होती, आणि पुढे एकोणिसाव्या शतकात पुण्यात जे विचारमंथन झाले त्याची मुळे या विसंगतीत आहेत.

अध्यात्माच्या क्षेत्रात मात्र पायऱ्यांचे हे बंधन बरेच सैल झाले होते. परंपरेनुसार चांद बोधले या सूफी वळणाच्या सत्पुरुषाचे दोन शिष्य प्रसिद्ध आहेत : एक देवगिरीचे जनार्दनस्वामी, ज्यांचे शिष्य संत एकनाथ; आणि दुसरे श्रीगोंद्याचे शेख महंमद, ज्यांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठी ओवीत लिहिला. म्हणजे भागवत धर्माच्या एका मोठ्या शाखेची गुरुपरंपरा आणि मराठीतील श्रेष्ठ मुसलमान संताची गुरुपरंपरा एकाच व्यक्तीपाशी जाऊन मिळते. एकनाथांनी हिंदू आणि तुर्क यांचा जो संवाद रचला, त्यात दोघेही एकमेकांच्या आचारातील दोष आधी कडक शब्दांत दाखवितात आणि मग आलिंगन देतात, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. दोष दाखविण्याची मुभा असल्याशिवाय पूरकता टिकत नाही, हे एकनाथांना उमगले होते. तिकडे गोव्यात १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' राशोल येथे छापले गेले. बायबलमधील कथा सांगण्यासाठी या इंग्रज जेझुइटाने, म्हणजे कॅथलिक पंथातील येशूसंघाच्या धर्मगुरूने, ओवी आणि पुराण हे दोन्ही घाट वारकरी-महानुभाव मराठीकडून घेतले.

पुण्याच्या पेशवाईत हे संबंध राज्यकारभाराच्या पातळीवर आले. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडील कॅथलिक शिपाई आणि अधिकारी होते, आणि त्यांच्या उपासनेसाठी सवाई माधवरावाच्या कारकिर्दीत, १७९२ मध्ये, आज क्वार्टर गेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात जागा देण्यात आली. तेथे उभे राहिलेले चर्च शहरातील सर्वांत जुने मानले जाते. पुढे इंग्रजी अमलात बगदादहून आलेल्या ज्यू घराण्यातील डेव्हिड ससून यांच्या देणगीतून पुण्यातील रुग्णालय उभे राहिले आणि त्याच सुमारास ओहेल डेव्हिड हे सिनेगॉग, पुणेकरांचे लाल देऊळ, १८६७ मध्ये पुरे झाले. ज्यू धर्मातील दानाचे कर्तव्य पुण्यात सर्व जातिधर्मांच्या रुग्णांच्या कामी आले, एवढे सांगून पुढे जाणे पुरेसे आहे, कारण दानातून सेवा घडते, तरी देणारा आणि घेणारा यांच्या विचारांत त्यामुळे फरक पडतोच असे नाही.

विचारांत फरक पडला तो जोतीराव फुले यांच्यामुळे. त्यांच्या शिक्षणाचा इतिहासच अनेक धर्मांच्या माणसांनी घडविलेला आहे. शाळा सुटलेल्या जोतीला पुन्हा शाळेत घालावे, असे त्याच्या वडिलांना पटवून देणारे दोन शेजारी होते, मुनशी गफार बेग आणि लिजीट साहेब, एक मुसलमान आणि दुसरा ख्रिस्ती. त्यानंतरचे त्यांचे शिक्षण १८४१ पासून स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले. आणि १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली ती तात्यासाहेब भिडे या ब्राह्मण गृहस्थाच्या वाड्यात. पुढे याच मुठा नदीवरील धरणाच्या कामाला बांधकामसाहित्य पुरविणारे कंत्राटदार म्हणूनही त्यांनी काम केले. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन करताना आणि त्यानंतरही त्यांनी कोणत्याही एका प्रचलित धर्माचा आश्रय घेतला नाही. पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने लिहिलेला आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेला 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' हा ग्रंथ म्हणजे त्यांच्या धर्मचिंतनाचा निष्कर्ष होय. ईश्वर या रूढ शब्दाऐवजी फुले निर्मिक, म्हणजे निर्माण करणारा, हा शब्द योजतात, आणि या निर्मिकाने सर्व स्त्री-पुरुषांना सारखेच स्वतंत्र निर्माण केले आहे, हा त्यांचा मूळ सिद्धान्त आहे.

या ग्रंथात एका कुटुंबाची कल्पना येते. घरातील स्त्रीने बौद्ध ग्रंथ वाचून तिला वाटल्यास तो धर्म स्वीकारावा, तिच्या पतीने बायबलचे जुने आणि नवे करार वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून इस्लाम स्वीकारावा, मुलाने सार्वजनिक सत्यधर्म पत्करावा, आणि या सर्वांनी एकमेकांचा द्वेष न करता, एकाच निर्मिकाच्या कुटुंबातील माणसे म्हणून प्रेमाने एकत्र राहावे, असे फुले सुचवितात. जगातील धर्मविचाराच्या इतिहासात या कल्पनेचे महत्त्व अद्याप पुरेसे ओळखले गेलेले नाही. तोवर धर्मसहिष्णुता म्हणजे शेजारच्या घरातील वेगळा धर्म चालवून घेणे, अशी समजूत होती. फुल्यांनी वेगळा धर्म एकाच उंबऱ्याच्या आत आणला. दुसरे असे की, या घरात धर्म जन्माने येत नाही, वाचनाने येतो. प्रत्येकाने ग्रंथ आधी वाचायचा आणि मग निवड करायची. तिसरी गोष्ट सर्वांत मोठी : मनूच्या व्यवस्थेत पतीचा धर्म तोच जिचा धर्म मानला जाई, त्या स्त्रीला या घरात स्वतःची निवड आहे आणि तिची निवड सर्वांत आधी सांगितली आहे. गावगाड्यातील पूरकता कामांच्या वाटपावर उभी होती, फुल्यांची पूरकता समान स्वातंत्र्यावर उभी आहे, आणि म्हणून तिच्यात कोणाला पायरीखाली उभे राहावे लागत नाही.

त्याच काळात त्याच शहरात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर प्रार्थना समाजाच्या द्वारे वेगळ्या वाटेने जात होते. मुंबईत १८६७ मध्ये आणि पुण्यात १८७० मध्ये स्थापन झालेल्या या समाजाने एकेश्वरी उपासना, मूर्तिपूजेचा त्याग आणि सामूहिक प्रार्थना या गोष्टी स्वीकारल्या, आणि त्यांच्या मांडणीवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव स्पष्ट असला, तरी उपासनेतील पदे मात्र तुकारामाची आणि नामदेवाची होती. रानड्यांनी 'मराठी सत्तेचा उत्कर्ष' या आपल्या १९०० च्या इंग्रजी ग्रंथात मराठी संतांच्या चळवळीची तुलना युरोपातील प्रोटेस्टंट सुधारणेशी केली. ही तुलना प्रेरणादायी असली, तरी तिच्यात एक धोका आहे : दोन गोष्टी सारख्याच आहेत असे ठरले की एकीने दुसरीकडून काही शिकण्याची गरज उरत नाही. प्रार्थना समाजाचे वर्तुळ सुशिक्षितांपलीकडे फारसे वाढले नाही, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक असावे. याच्या उलट १८९३ च्या हिंदू-मुसलमान दंगलींनंतर सार्वजनिक गणेशोत्सव वाढला आणि ताबुतांकडे जाणारी हिंदू मंडळी मेळ्यांकडे, म्हणजे गणेशोत्सवातील गाणाऱ्या पथकांकडे, वळविली गेली, तेव्हा जुनी सवयीची पूरकता किती लवकर विस्कटू शकते हेही पुण्याने पाहिले.

फुल्यांची आणि प्रार्थना समाजाची या दोन्ही वाटा जोडण्याचे काम विठ्ठल रामजी शिंदे यांनी केले. १८७३ मध्ये जमखंडी येथे जन्मलेले आणि फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवीधर झालेले शिंदे प्रार्थना समाजात आले आणि १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले. ही संस्था युनिटेरियन पंथीयांची, म्हणजे त्रयीऐवजी एकच ईश्वर मानणाऱ्या उदार ख्रिस्ती लोकांची होती; प्रवासाचा भार बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी उचलला. एका हिंदू संस्थानिकाने मराठा घरातील तरुणाला ख्रिस्ती संस्थेत पाठवावे आणि तेथे त्याने एस्टलिन कार्पेंटर यांच्याकडे तौलनिक धर्मशास्त्र, म्हणजे निरनिराळ्या धर्मांचा एकमेकांशी ताडून केलेला अभ्यास, आणि ऱ्हीस डेव्हिड्स यांच्याकडे पाली व बौद्ध धर्म शिकावा, हीच एक ठळक ऐतिहासिक घटना आहे. १९०३ मध्ये ॲमस्टरडॅम येथे भरलेल्या उदार धर्मवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत भारतातील उदार धर्मावर निबंध वाचून ते परतले. त्यांनी तेथून आणलेली सर्वांत मोलाची वस्तू मात्र सिद्धान्त नव्हती, कार्यपद्धती होती. युनिटेरियन मंडळी गरीब वस्त्यांत राहून शाळा, आजाऱ्यांची शुश्रूषा, वाचनालये चालवितात, हे त्यांनी जवळून पाहिले, आणि भक्तिसंप्रदायाने ईश्वरापुढे सर्व समान असे शतकानुशतके गाऊनही अस्पृश्यांच्या वस्तीत जाऊन राहणारी संस्था उभी केली नाही, ही उणीव त्यांना जाणवली. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत स्थापन झालेली भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी ही त्या जाणिवेची निष्पत्ती होती. तिच्या शाळा आणि वसतिगृहे पुण्यातही निघाली, आणि नाना पेठेतील अहल्याश्रम हे तिचे केंद्र झाले. भजन तुकारामाचे, संघटना ख्रिस्ती मिशनच्या धर्तीची आणि १९२७ च्या ब्रह्मदेशाच्या प्रवासानंतर अधिकच दृढ झालेली बौद्ध धर्मावरची श्रद्धा, असे तीन प्रवाह शिंद्यांच्या आयुष्यात कोणालाही न बुडविता एकत्र राहिले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या सर्व विचाराला एक कठीण प्रश्न विचारला. महाबोधी संस्थेच्या नियतकालिकात १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी बुद्ध, येशू, महंमद आणि कृष्ण यांची तुलना केली, आणि सर्व धर्म सारखेच सत्य आहेत हे मत त्यांनी मानले नाही; धर्म बुद्धीला पटला पाहिजे आणि स्वातंत्र्य, समता व बंधुता यांना त्याने मान्यता दिली पाहिजे, अशी कसोटी त्यांनी लावली. पुणे जिल्ह्यातच देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. ज्या चौकटीत मुलाण्याला मान आणि महाराला अवमान मिळत होता, त्या चौकटीच्या बाजूने पूरकतेचा युक्तिवाद करता येणार नाही, हे त्यांचे म्हणणे न्याय्य होते. फुल्यांच्या कुटुंबाशी या कसोटीचे वैर नाही. तेथेही निवड वाचून आणि पारखूनच करायची होती.

या सर्व वाटा एका माणसाच्या आयुष्यात कशा गुंफल्या गेल्या, हे धर्मानंद कोसंबी यांच्या चरित्रात दिसते. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये सारस्वत ब्राह्मण घरात जन्मलेले कोसंबी बुद्धाचा शोध घेत १८९९ मध्ये संस्कृत शिकण्यासाठी भांडारकरांच्या पुण्यात आले, तेथून पुढे सिंहलद्वीपात जाऊन भिक्षू झाले आणि 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला गेले. त्यांनी महाराष्ट्रात राहून काम करावे म्हणून सयाजीरावांनी त्यांना दरमहा ५० रुपये दिले, आणि १९१२ पासून काही वर्षे फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. त्यांच्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथातील प्राचीन जैन श्रमणांच्या मांसाहाराविषयीच्या विधानांवरून जैन समाजात मोठा क्षोभ झाला. एकनाथांच्या संवादातील पहिली पायरी येथे पुन्हा आली होती. परंतु कोसंबी तेथे थांबले नाहीत. तेविसावे तीर्थंकर पार्श्वनाथ यांनी सांगितलेल्या अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह या चार यामांचा, म्हणजे व्रतांचा, त्यांनी शोध घेतला, आणि बुद्धाने हे चारही याम स्वीकारून त्यांत समाधी व प्रज्ञा यांची भर घातली, असे प्रतिपादन केले. ज्या धर्माचे ते स्वतः अनुयायी होते त्याचा पाया दुसऱ्या धर्मातून आला आहे, हे त्यांनी पुराव्याने आणि आनंदाने मांडले. शरीर थकले आणि सेवा घडेनाशी झाली तेव्हा त्यांनी जैनांची सल्लेखना, म्हणजे अन्न क्रमाक्रमाने सोडून शांतपणे देह ठेवण्याची रीत, पत्करली आणि गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमात ४ जून १९४७ रोजी देह ठेवला. 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' हे त्यांचे पुस्तक दोन वर्षांनी, १९४९ मध्ये, प्रसिद्ध झाले.